मागचं झाड झाडच राहावं

पहाटे ५.१०

उठल्यावर चहाच्याही आधी मी ड्राय कॅबिनेटवरचा आकडा बघते. आज ४६. कॅबिनेटच्या आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असली की काचा सुखात असतात. फार दिवस त्याच्या बरीच वर राहिली तर बुरशी धरते, फार खाली गेली तर फोकसच्या रिंगमधलं ग्रीस सुकतं. पावसाळा सरला, ऑक्टोबर तापायला लागला, तरी पुण्यातल्या भिंतींमधली ओल अजून पुरती गेलेली नाही. या व्यवसायात आले त्या पहिल्याच पावसाळ्यात मी एक जुनी लेन्स चामड्याच्या पेटीत तशीच ठेवून दिली होती. खंडेनवमीला पूजेसाठी काढली, तर आतल्या काचेवर कोळिष्टकासारखी नक्षी पसरलेली. ती लेन्स वाचली नाही. तेव्हापासून चामड्याच्या पेट्या माळ्यावर आणि काचा कॅबिनेटमध्ये.

आजचं काम प्रभात रस्त्यावरच्या एका जुन्या बंगल्यात आहे. घरातल्या आजींना एक्क्याऐंशीवं लागलंय आणि येत्या कोजागिरीला त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. समारंभाला व्हिडिओवाले, ड्रोनवाले सगळे येणारच आहेत. मला बोलावलंय ते त्याआधी, गर्दी नसताना, आजींचा एक चांगला फोटो काढायला. फोनवर त्या म्हणाल्या, "प्राजक्ताखाली बसव मला. आणि झाड ओळखू आलं पाहिजे हं. नुसतं हिरवं हिरवं नको." ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. लोक माझ्याकडे येतात ते मागचं धूसर व्हावं म्हणून. आजींना धूसरपणातही आपलं झाड हवंय.

५.३०

तीन लेन्स काढते. पहिली हेलिओस ४४-२. ५८ मिलिमीटर, एफ/२. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातून झेनिट कॅमेऱ्यांबरोबर या लेन्स लाखोंनी बाहेर पडल्या. आराखडा मूळचा जर्मनीतल्या येना गावच्या झाइसच्या बायोटार लेन्सचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तो सोव्हिएत कारखान्यांत गेला. सोव्हिएत लेन्सवरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा तिचं वर्ष सांगतात. माझ्या लेन्सवर ७७ आहे, म्हणजे ती वयाने माझ्याहून मोठी.

दुसरी निक्कोर १०५, एफ/२.५. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ साली पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला, तो याच लेन्सने. पुढल्या जूनमध्ये तो 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला. त्या फोटोत मुलीच्या मागे फक्त एक मऊ हिरवटपणा आहे आणि सगळं लक्ष तिच्या डोळ्यांवर जातं.

तिसरी पूर्व जर्मनीची पेंटाकॉन १३५, एफ/२.८. माझी जुन्या पद्धतीची आहे, अ‍ॅपर्चर हाताने फिरवून बंद करायचं. तिच्या अ‍ॅपर्चरला तब्बल १५ पाती आहेत. हेलिओसला आठ. पाती जितकी जास्त, तितकं छिद्र अर्धवट बंद केल्यावरही गोल राहतं, आणि मागचे दिवे, पानांमधली उन्हाची भोकं गोलच दिसतात.

प्रत्येक लेन्स अंधारात टॉर्चसमोर धरते. धूळ चालते. धुळीने फोटो बिघडत नाही. बुरशी, धुकट थर आणि पात्यांवर चढलेलं तेल, ही तीन दुखणी मात्र रोज बघावी लागतात.

६.००

हेलिओस कॅमेऱ्याला लावते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर बसते कशी, हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असायचा. आरशाला वर उचलायला जागा लागते, म्हणून लेन्स फिल्मपासून लांब बसवलेली असायची. हेलिओसचं माउंट एम४२, म्हणजे ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे असलेलं. त्याच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिलिमीटर. माझ्या सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही, तिथे हे अंतर १८ मिलिमीटर आहे. मधल्या २७.४६ मिलिमीटरमध्ये धातूची एक पोकळ नळी बसवली की लेन्स होती तिथेच येते. या नळीला अ‍ॅडॉप्टर म्हणायचं. तिच्यात काच नसते, त्यामुळे लेन्सच्या स्वभावात काहीही मिसळत नाही.

निकॉनच्या आरशाच्या डीएसएलआरवर मात्र ही सोय नाही. तिथलं अंतर ४६.५ मिलिमीटर, लेन्सला हवं त्याहून जास्त. जवळचं नीट दिसतं, लांबचा डोंगर फोकसमध्ये येत नाही. म्हणून जुनी लेन्स घेण्याआधी आपला कॅमेरा कोणता आहे ते बघावं.

कॅमेऱ्यात दोन गोष्टी आठवणीने करते. 'लेन्सविना शटर' चालू करते, कारण या लेन्सला विजेचे संपर्क नाहीत आणि कॅमेऱ्याला लेन्स लागली आहे हेच कळत नाही. मग स्थिरीकरणात ५८ हा आकडा भरते, नाहीतर कॅमेरा हात थरथरण्याचा हिशोब चुकीचा करतो.

६.४०

बंगल्याचं फाटक. आत ओल्या मातीचा आणि प्राजक्ताचा वास. रात्रभर फुललेली फुलं पहाटे गळतात, त्यामुळे झाडाखाली पांढऱ्या-केशरी फुलांचा सडा पडलाय. वर फांद्यांवर अजून थोडी शिल्लक आहेत. आजी नऊवारीत, केसांत एक छोटं फूल, नाकात मोत्याची मोरणी. त्यांची नात खुर्ची घेऊन उभी.

"अगं, चहा तरी घे आधी."

"आजी, ऊन थांबणार नाही. फोटो झाला की दोन कप घेते."

सूर्य नुकताच वर आलाय आणि कुंपणाच्या झाडांमधून तिरपा येतोय. जुन्या लेन्ससाठी दिवसातली हीच वेळ खरी. समोरून थेट ऊन आलं तर या काचांचा उठाव कमी होतो, कारण त्यांच्यावरचा लेप आजच्या इतका पक्का नाही. म्हणून मी लेन्सला जुनं लांबडं हूड लावते, आणि नातीला लेन्सच्या जरा वर हात धरून सावली करायला सांगते.

पहिला फोटो हेलिओसने. आजी झाडापासून सहा पावलं पुढे, मी त्यांच्यापासून दीड मीटरवर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. या अंतरावर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम आठ सेंटिमीटरचा. डोळे स्पष्ट, कान विरघळलेला. मागचा प्राजक्त मात्र गरगर फिरतोय. हेलिओसची हीच ओळख. फोटोच्या मध्यभागी उजेडाचे ठिपके गोल उमटतात, पण कडेला लेन्सच्या नळीची भिंत त्यांना आडवी येते आणि ते लिंबाच्या फोडीसारखे कापले जातात. सगळ्या फोडी केंद्राभोवती फेर धरल्यासारख्या दिसतात. लग्नाआधीच्या फोटोंसाठी येणाऱ्या मुलामुलींना हे फार आवडतं.

फोटो आजींना दाखवते. त्या चष्मा लावून बराच वेळ बघतात.

"छान आहे. पण माझं झाड कुठाय? हा तर भोवरा झाला."

बरोबर आहे. हेलिओस बॅगेत जाते.

७.१५

निक्कोर लावते, तिचा अ‍ॅडॉप्टर वेगळा. आता मी अडीच मीटरवर. आजी तिथेच, झाडापासून लांब, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. मागचं सगळं लोण्यासारखं मऊ होतं. नुसता हिरवा रंग आणि त्यात पांढरट डाग. हेच तर त्यांनी नको म्हटलंय.

इथे लेन्स बदलून काही साधणार नाही. मागचं किती धूसर होणार हे तीन गोष्टी ठरवतात. लेन्समधलं उघडं छिद्र किती मोठं, माणूस कॅमेऱ्यापासून किती जवळ, आणि मागची वस्तू माणसापासून किती लांब. निक्कोरचं पूर्ण उघडं छिद्र ४२ मिलिमीटरचं आहे. ते १९७० साली बनवलं काय आणि काल बनवलं काय, तेवढ्याच छिद्रातून तेवढाच धूसरपणा मिळतो. लेन्स ठरवते ते त्या धूसरपणाचं वळण. जसं दोन माणसांनी एकच वाक्य लिहिलं तरी अक्षर निराळं येतं.

हे अक्षर कुठून येतं ते एकदा समजून घेतलं की जुन्या लेन्स निवडणं सोपं जातं. लेन्सच्या कडेतून आलेले किरण आणि मधून आलेले किरण तंतोतंत एकाच जागी मिळत नाहीत. लेन्स बनवणारा हा दोष कमी करत आणतो. दोष थोडा शिल्लक ठेवला तर मागच्या ठिपक्याचा मध्य उजळ राहतो आणि कड विरघळते. असे ठिपके एकमेकांत सहज मिसळतात, मागचं मऊ दिसतं. दोष गरजेपेक्षा जास्त सुधारला तर ठिपक्याच्या कडेला उजळ रेघ उमटते. गोर्लिट्झच्या मायर कंपनीची ट्रायोप्लान १०० त्यासाठीच प्रसिद्ध झाली, तिचे ठिपके साबणाच्या फुग्यांसारखे दिसतात. गवतावरच्या दवाला ती सुंदर, पण गर्द पानांपुढे बसलेल्या माणसाला तिचे फुगे त्रास देतात.

यात एक मेख आहे. जी लेन्स मागचं मऊ करते, तिच्यात पुढच्या वस्तूंच्या कडा बऱ्याचदा कठीण दिसतात. म्हणून चेहऱ्याच्या पुढे डहाळी आडवी घेण्याची हौस मी अशा लेन्सबरोबर करत नाही.

आजींची खुर्ची चार पावलं मागे नेते. आता त्या झाडापासून दोन मीटरवर. अ‍ॅपर्चर एफ/४. स्पष्ट पट्टा आठावरून तेरा-चौदा सेंटिमीटरवर गेला. दोन्ही डोळे, मोरणी, कपाळावरच्या रेषा, सगळं त्यात बसतं. मागे पानं मऊ झाली, पण त्यांचा आकार उरला. फुलांचे पांढरे ठिपके, आणि नीट पाहिलं तर देठाचा केशरी रंगही.

ऑटोफोकस नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोळा मोठा करून बघते, रिंग डोळ्याच्या जवळपास आणून सोडते, आणि मग रिंग न फिरवता स्वतःच इंचभर पुढे-मागे झुलते. पापणीची कड लखलखली की बोट दाबायचं. वयस्क माणूस बसल्या जागी थोडा हलतच असतो, म्हणून शटर १/२५० च्या खाली नेत नाही. एका चांगल्या फोटोमागे पाच-सहा चुकलेले असतात. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. मधल्या वेळात आजी कॅमेरा विसरतात आणि झाडाकडे वळून बघतात, आणि मला हवं ते तेव्हाच मिळतं.

७.५०

नात तिचा फोन पुढे करते. "ताई, हे पण बघा ना. यात पण मागचं ब्लर होतं."

मी मनापासून बघते. फोनने खरंच चांगलं काम केलंय. फोनच्या लेन्सचं छिद्र तीन-चार मिलिमीटरचं, त्यातून एवढा धूसरपणा नैसर्गिकपणे येऊच शकत नाही. म्हणून फोन कुठलं पुढे, कुठलं मागे याचा अंदाज बांधतो आणि मागचं हिशोबाने पुसतो. मी तिला आजींच्या कानाजवळचे सुटे पांढरे केस मोठे करून दाखवते. फोनने त्यातले निम्मे झाडाबरोबर पुसून टाकलेत. निक्कोरच्या फोटोत एकेक केस उन्हात चमकतोय आणि त्याच्यामागे पान हळूहळू विरघळतंय. ती दोन्ही फोटो आळीपाळीने बघते आणि काही न बोलता फोन खिशात ठेवते.

८.३०

दोन कप चहा, उपमा, वर खोबरं-कोथिंबीर. आजी आतून एक कापडी पिशवी आणतात. "यांचा कॅमेरा. गेले त्याला बारा वर्षं झाली. तू बघशील का जरा?"

आसाही पेंटॅक्स स्पॉटमॅटिक. लेन्स सुपर-टाकुमार ५०, एफ/१.४. आजोबांनी सत्तरच्या दशकात मुंबईहून कुणाकडून तरी मागवलेला. याच कॅमेऱ्याने त्यांनी घरातली सगळी बारशी, मुंजी, शनिवारवाड्यावरचे पोरांचे फोटो काढले. आजी अल्बम उघडतात. एका कृष्णधवल फोटोत तरुण आजी हातात कुदळ घेऊन उभ्या आहेत आणि पायाशी गुडघ्याएवढं रोप.

"हाच तो प्राजक्त," त्या म्हणतात.

लेन्स उजेडाला धरते. पुढच्या काचांमध्ये बुरशीच्या दोन शाखा. काच चहाच्या पाण्यासारखी पिवळी. फोकसची रिंग जड, पण फिरते. माउंट एम४२, म्हणजे हेलिओसचाच अ‍ॅडॉप्टर. मी तिथल्या तिथे ती माझ्या कॅमेऱ्याला लावते आणि पडद्यावर आजींना अंगण दाखवते. त्या पडद्याला हलकेच हात लावतात.

"दुरुस्त होईल?"

"पूर्ण होईल असं आत्ताच सांगत नाही. पण फोटो काढेल एवढी नक्की होईल."

११.००

आज बुधवार. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मला लेन्सची मागची झाकणं आणि ४९ मिलिमीटरचे फिल्टर हवेत. हेलिओसला आणि टाकुमारला दोघींनाही तेच माप लागतं. नळ, रेडिओ, पितळी घड्याळं, कुलपं यांच्या गर्दीत एका काकांच्या चादरीवर नेहमी दोन-चार कॅमेरे असतात.

"ताई, रशियन आलंय बघा. आता पोरं हेच विचारतात."

खरं आहे. 'ड्यून: पार्ट टू'च्या चित्रीकरणात ग्रेग फ्रेझर यांनी नव्या आवरणात बसवलेल्या जुन्या सोव्हिएत लेन्स वापरल्या, तेव्हापासून हेलिओसचं नाव कॉलेजातल्या पोरांच्या तोंडी आलंय. मी काकांची लेन्स हातात घेते आणि नेहमीचा क्रम करते. टॉर्च मागून, नजर पुढून. अ‍ॅपर्चरची रिंग उघडते, मिटते. पात्यांवर ओलसर चमक आहे का? फोकसची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठे अडकते का, कुठे सैल लागते का? काचेच्या कडेला इंद्रधनुषी डाग आहे का? तो असला तर चिकटवलेल्या दोन काचा सुटायला लागल्यात, अशी लेन्स मी हातची परत ठेवते. शेवटी आटे. घासलेले आटे कॅमेऱ्यावर तिरपे बसतात.

या लेन्सला बुरशी आतपर्यंत आहे. घेत नाही. झाकणं आणि एक फिल्टर घेते. काकांना सांगते, "काका, ही बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि थोडी उन्हात राहू द्या." ते लगेच चादरीच्या दुसऱ्या टोकाला तिला जागा करून देतात.

दुपारी २.१५

जेवून टेबलाशी. खाली पांढरं कापड, वर दिवा, शेजारी बर्फाच्या ट्रेसारखा खणांचा डबा, प्रत्येक खणात निघालेल्या क्रमाने स्क्रू. जपानी लेन्सचे स्क्रू दिसायला साध्या फुलीचे असतात, पण त्यांचं माप निराळं. साधा पेचकस लावला की डोकी खरवडतात, म्हणून जपानी मापाचा संच वेगळा ठेवलाय. प्रत्येक पायरीला फोनने फोटो काढते. जोडताना तोच माझा नकाशा.

नाव कोरलेली पुढची रिंग रबराच्या बुचाने दाबून फिरवते. सुटते. मग दोन टोकांच्या पान्याने पुढचा काचगट बाहेर. बुरशी समोर येते, पांढऱ्या मुळ्यांसारखी. कापसावर हायड्रोजन पेरॉक्साइड, मध्यातून कडेकडे, दाब न देता. थोडा वेळ थांबायचं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग कोरडा कागद. शाखा निघून जातात. दिव्यासमोर धरल्यावर एका शाखेच्या जागी फिकट सावली राहिलेली दिसते. बुरशी वाढताना आम्ल सोडते आणि ते लेप खातं. ती सावली आता कायमची. एवढ्याशा खुणेने फोटोत काही दिसणार नाही, फक्त दिव्याच्या थेट समोर उठाव किंचित उतरेल. जास्त घासून मी ती आणखी वाईट करू शकते, म्हणून इथेच थांबते.

पिवळेपणाची गोष्ट वेगळी. या लेन्सच्या एका काचेत थोरियम आहे. थोरियम घातलेली काच प्रकाश जास्त वळवते आणि तरीही रंग फार फाकू देत नाही, म्हणून साठ-सत्तरच्या दशकात चांगल्या लेन्समध्ये ती वापरत. थोरियम हळूहळू किरणोत्सर्ग करतं आणि तोच काचेला वर्षानुवर्षांत पिवळी करतो. कॅमेऱ्यावर लावून फोटो काढायला यात धोका नाही. मात्र ही काच घासायची नाही, फोडायची नाही, आणि तिच्यातून डोळा लावून तासन् तास बघत बसायचं नाही. अतिनील प्रकाशाने पिवळेपणा उतरतो, पण त्याला अनेक दिवस लागतात. खिडकीत उन्हाच्या जागी एक छोटं स्टँड आहे, त्यावर ती उद्यापासून बसेल. तोपर्यंत डिजिटल कॅमेऱ्यात पांढरा रंग नीट बसवला की पिवळेपणा बराचसा निघून जातो.

पात्यांवर तेल नाही. हेलिकॉइड, म्हणजे फोकसचे आटे, आज उघडत नाही. त्याला अनेक सुरुवाती असतात, चुकीच्या सुरुवातीला जोडलं तर लांबचं फोकस जातं. ते काम घाईच्या दिवशी करायचं नसतं.

४.१० ला शेवटची रिंग घट्ट होते.

संध्याकाळी ६.३०

मंडई. अंधार पडतोय आणि भाजीच्या गाड्यांवर, फुलांच्या टोपल्यांवर दिवे लागतायत. नवी जोडलेली लेन्स तपासायला याहून चांगली जागा नाही, कारण बिंदूसारख्या दिव्यांत तिचा स्वभाव लपत नाही. एका फुलवाल्या मावशींना विचारते, "मावशी, दोन फोटो काढू?" त्या पदर सारखा करतात.

एफ/१.४ वर मागचे दिवे मोठे गोल होतात, एकमेकांवर चढतात, कडा मऊ. एफ/२ वर मावशींचा चेहरा जास्त स्वच्छ होतो आणि गोल अजून गोलच वाटतात. एफ/२.८ वर तेच दिवे षटकोनी दिसायला लागतात, कारण टाकुमारच्या अ‍ॅपर्चरला सहाच पाती आहेत. वहीत लिहिते: 'रात्री दिव्यांसमोर एफ/२ पेक्षा जास्त बंद करायचं नाही.' हे लिहावंच लागतं. अशा लेन्सने काढलेल्या फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चरचा आकडा कधीच नोंदला जात नाही.

धूसरपणाच्या या सौंदर्याला जपानी भाषेत बोके म्हणतात, साध्या अर्थाने धूसर होणं. इंग्रजीत वाचणाऱ्यांनी उच्चार चुकवू नये म्हणून १९९७ साली 'फोटो टेक्निक्स' मासिकात संपादक माइक जॉन्स्टन यांनी त्याच्या शेवटी 'एच' जोडला आणि शब्द जगभर गेला. आपल्याकडे सगळे ब्लरच म्हणतात आणि तेही चालतं. नाव काहीही असो, मावशींच्या मागे मंडई आहे हे फोटोत कळलं पाहिजे, एवढं मी आजींकडून आज शिकले.

रात्री ९.००

सकाळचे फोटो संगणकावर. १८४ उघडते, ११ ठेवते. हेलिओसचा एक ठेवते, नातीला आवडला होता म्हणून. पेंटाकॉनने शेवटी काढलेला आजींच्या हातांचा एक ठेवते, ओंजळीत फुलं. बाकी सगळे निक्कोरचे.

निवडलेल्या फोटोत आजी कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. मान थोडी वळलेली, नजर झाडाकडे. पांढऱ्या केसांवर ऊन. मागे पानं मऊ, फुलांचे ठिपके, खाली सड्याचा पांढरट पट्टा. प्राजक्त ओळखू येतो. धार वाढवणं, कडा काळ्या करणं यातलं काही करत नाही. फक्त रंग बसवते, दोन ठिकाणी प्रत ठेवते, आणि वहीत लेन्स, अ‍ॅपर्चर, अंतर टिपते.

गौतम राजाध्यक्षांच्या 'चेहरे' या पुस्तकातले फोटो मी शिकत असताना पुन्हा पुन्हा बघितले. त्यातून एवढंच कळलं की माणसाभोवतीचा मऊपणा माणसाला पुढे आणायला असतो. आज त्यात आजींनी भर घातली. पुढे आणताना त्याचं घर, त्याचं अंगण, त्याने लावलेलं झाड मागे पुसून टाकू नये. धूसर करणं म्हणजे जरा बाजूला उभं राहायला सांगणं. पुसून टाकणं वेगळं.

१०.१५

सगळ्या लेन्स पुसून कॅबिनेटमध्ये. आकडा ४७. आजोबांची टाकुमार वेगळ्या खणात ठेवते, कारण बुरशी उतरलेली लेन्स काही आठवडे बाकीच्यांपासून लांबच ठेवावी. आजींना संदेश पाठवते: 'लेन्स चालते आहे. कोजागिरीला चंद्र वर आला की आजोबांच्याच लेन्सने तुमचा एक फोटो काढू.' थोड्या वेळाने नातीकडून उत्तर येतं. आजी झोपल्यात, पण झोपण्याआधी विचारत होत्या.

तुमच्याही घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात, एखाद्या चामड्याच्या पेटीत वडिलांचा किंवा आजोबांचा कॅमेरा असेल. भंगारात देण्याआधी लेन्स काढा, उजेडाला धरून बघा, रिंग फिरवून बघा. बुरशी असेल तर आत्ताच, पुढच्या पावसाळ्याआधी, जाणकाराकडून साफ करून घ्या. मग एक अ‍ॅडॉप्टर घ्या आणि घरातल्या कुणाला तरी त्यांच्या झाडाखाली बसवा. झाड ओळखू येईल एवढंच धूसर करा.